बाबा बोलून राह्यले का गोळी

हिवरखेडी, ता. दारव्हा
२ सप्टेंबर १९६१

कोके, इथूनच माहा हात तुह्या डोक्यावर समज.

चार वर्सांनी मायचं पत्र आलं म्हणून घाबरशीन. घाबरू नोको, घरात कोणी मेलं नाई. तसं असतं तं तार केली असती. बाबा जित्ते हायेत, अन् त्यायच्याचसाठी लिहून राह्यली. त्यायले हे माहीत नाई. तू आपल्या मनानं रजिस्टर लग्न केलं, तवा ‘माही पोरगी मेली’ म्हणून त्यायनं चावडीपुढे सांगतलं होतं, ते अजून तसंच हाय. तुहं नाव घरात निघत नाई. म्हणून उत्तर घरी टाकू नोको. शेजारच्या मारोतीची बायको रामीबाई, तिच्या नावानं टाक, ती मले आणून देईन.

आता गोठ सांगते. पोळ्याच्या आधी आमी दारव्ह्याच्या बजारात गेलतो. कापडाच्या दुकानात गर्दी होती. दुकानदारानं बाबायले म्हटलं, ‘तू मांगं उभा राह्य.’ बाबायचं तुले माहीतच हाय. ‘काहून मांगं? पैशाले बी वास येते का माह्या?’ असे पेटले का अर्धा बजार गोळा झाला. ओरडता ओरडता नाकातून रक्ताची धार लागली. सदरा भिजला, माहा पदर भिजला, पण रक्त थांबत नव्हतं.

मारोतीनं अन् मी धरून भगवानराव डाक्टरकडे नेलं. त्यायनं दंडाले रबराची पट्टी गुंडाळली, फुगवली, अन् नळीतला पारा पाहून त्यायचं तोंडच उतरलं. म्हणाले, ‘उकंडाराव, हा रक्तदाब आहे. नाकातून गेलं म्हणून वाचलात. डोक्यातली शीर फुटली असती तर बाजारातच आटोपलं असतं.’

‘मंग काय, तोंड शिवून बसू?’ बाबा म्हणाले.

‘गोळी घ्या. सकाळ-संध्याकाळ. अन् आपल्या मनानं बंद करू नका.’

गोळी सर्पगंधेच्या मुळीची हाय म्हणते. बजारात रानातल्या कोलामाची रुपीबाई जड्याबुट्या घेऊन बसते, तिच्याजवळ तीच मुळी असते. तिले इचारलं तं म्हणे, ‘हे तं आमी डोकं फिरलेल्याले देतो.’ आता तूच सांग, तुहा बाप रागीट हाय, पागल तं नाई. मंग तेच औषध त्यायले काहून? तू नागपूरले दवाखान्यात नर्स हायेस, तुले समजत असन. हे बरोबर हाय ना?

रामीबाईनं तुले माह्या मनगटाचं लिहिलं म्हणते. काही नाई, विहिरीवर पाय घसरला होता.

जावयायले जयभीम सांगू का नमस्कार, मले समजत नाई. जे चालते ते तू सांग.

तुही माय


हिवरखेडी
२२ ऑक्टोबर १९६१

कोके,

तुहं पत्र भेटलं. आखर पाहूनच लय बरं वाटलं. गोळी बरोबर हाय म्हणतेस, मंग माही चिंता गेली. पण एक इचारलं तू, का त्यायले झोप कशी येते, जेवण कसं हाय, मन लागते का. मन कायचं लागते माणसाचं या वयात? पण जे झालं ते सांगते, अन् तुले ते खोटं वाटन.

बाबा ओरडत नाईत.

परवा माह्या हातून भाजी करपली. मी ताट ठेवलं अन् सवयीनं मांगं सरकली. त्यायनं एक घास खाल्ला, दुसरा खाल्ला. मंग माह्याकडे पाहून म्हणाले, ‘तू जेवली का?’ कोके, तीस वर्सं झाली असतीन लग्नाले. हे वाक्य मी पहिल्यांदा ऐकलं. ‘हाव’ म्हटलं अन् चुलीकडे तोंड फिरवलं.

आता मी घरात चालते तं माह्या पायाचा आवाज मले ऐकू येते. आधी त्यायच्याच आवाजाकडे ध्यान राहत होतं, आज कसा हाय, वरचा का खालचा. आता भाकरी करताना मी गुणगुणते. रामीबाई म्हणे, ‘वहिनी, तुमाले गळा हाय हे माहीत नव्हतं.’ मलेच कुठं माहीत होतं?

अन् दुसरी गोठ. दसऱ्याले ते दीक्षाभूमीवर गेले नाई या साली. दीक्षा घेतली त्या सालापासून कधी चुकले नव्हते. मारोती बोलवाले आला तं म्हणाले, ‘तुमी जा, मले कंटाळा येऊन राह्यला.’ सारी बस्ती गेली, आमी दोघंच राह्यलो. सांजच्याले ते आंगनात बसले होते. बसल्या बसल्या डोये भरून आले अन् म्हणाले, ‘कोकी कशी असन?’

मी हातातलं सूप खाली ठेवलं. मले वाटलं ऐकण्यात चूक झाली.

‘तिले बोलाव,’ म्हणाले. ‘मी लय वाईट बोललो तिले. बोलाव.’

चार वर्सं ज्याची वाट पाह्यली ते त्या गोळीनं दोन महिन्यांत केलं. ये आता. जावयायले घेऊन ये. मी पुरणाची तयारी करून ठेवते.

तुही माय


हिवरखेडी
१९ नोव्हेंबर १९६१

कोके,

तुहं उत्तर रामीबाईनं वाचून दाखवलं नाई, मीच वाचलं, दोनदा. तू येत नाई म्हणतेस. ‘माय, ते बाबा बोलून राह्यले का गोळी?’ असं लिहिलं तू. ‘गोळी बंद झाल्यावर तेच बाबा मले उंबऱ्यावरून हाकलतीन, मंग मी काय करू?’

मले राग आला. चांगल्या गोठीतही तू खोट काढते, बापावर गेली. माणूस मऊ झाला, एवढं पुरे नाई का? कायनं झाला ते कायले पाहा? पावसानं पिकलं का विहिरीच्या पाण्यानं, दाणा तं दाणाच.

पण मंग तुहे सवाल. ते हासते का? नाई. दाढी करते का? रामीबाईच्या सासऱ्यावानी वाढली हाय. कोणाच्या घरी जाते का? जात नाई. निंबाखाली बसते. दर साली जाते त्या जिनिंग कारखान्यात कापसाचा हंगाम सुरू झाला, मुकादमानं दोनदा निरोप धाडला, गेले नाई. मरणाचं बोलते का म्हणून तू इचारलं, त्याचं उत्तर मले देता येत नाई.

मी भगवानराव डाक्टरले सांगतलं का ते लय शांत झाले. त्यायनं पारा पाह्यला, खूश झाले. ‘उत्तम उतरला आहे. शांत झाले ते चांगलंच ना बाई?’ मी म्हटलं, हाव. बाकीचं नाई सांगतलं. काहून नाई सांगतलं म्हणून तू इचारशीन. सांगतलं असतं तं गोळी बंद केली असती त्यायनं.

मनगटाचं तू परत इचारलं. विहिरीवर नाई घसरली. तुले माहीत हाय, मंग कायले लिहून घेते मायच्या हातानं?

गोळी बंद कर म्हणशीन तं मी करणार नाई, आधीच सांगते.

माय


हिवरखेडी
१७ डिसेंबर १९६१

कोके, बाई, हे पत्र भेटल्याबरोबर उत्तर टाक.

तुले आपल्या मसनवटीचं माहीत हाय. दीक्षा घेतल्यावर बस्तीनं मेलेली ढोरं ओढणं सोडलं, तवापासून किसनराव पाटलाच्या मनात होतं. तू गेल्यावर त्यानं आपल्या वावराचा बांध-धुरा सरकवत सरकवत मसनवटीच्या मधात आणला. तुह्या आजीच्या मातीवर आता त्याची तूर उभी हाय. बाबा दोन वर्सांपासून तहसिलीत अर्जावर अर्ज देऊन राह्यले होते. मोजणीच्या दोऱ्या, जुने नकाशे, सारं त्यायच्या तोंडी होतं. शेवटी तहसीलदार साहेब सोता पाहाले येणार असं ठरलं.

मंगळवारी साहेब आले. पाटलाकडचे दहा-पंधरा माणसं, आपली सारी बस्ती. साहेबानं इचारलं, ‘अर्जदार कोण?’ मारोतीनं बाबायले पुढे केलं. साहेब म्हणाले, ‘बोला, तुमची हद्द कुठून कुठवर होती?’

बाबा जमिनीकडे पाहत राह्यले. साऱ्यायले वाटलं, आता आवाज निघन. मंग म्हणाले, ‘राहू द्या साहेब. मेल्यावर माणसाले किती जागा लागते.’

एवढंच. अन् वळून घराकडे चालू लागले. साहेबानं कागदावर काहीतरी लिहिलं. पाटील हासला बी नाई, त्यालेही समजलं नसन का हे काय झालं.

मारोती घरी आला तो ओरडतच. ‘वहिनी, काय चारून राह्यल्या दादाले? हा आमचा दादा नोहे. दादा असता तं साहेबाचा टेबल हालवला असता!’ बायका दारात उभ्या राहून पाहून राह्यल्या होत्या, माह्याकडे, जशी मी करणी केली. मी गोळ्यायची पुडी पदरात धरली होती. मले वाटलं दाखवावी, मंग वाटलं नाई दाखवावी.

अन् काल दुपारी मी धुणं घेऊन गेली तं ते विहिरीच्या काठावर बसले होते. पाय आत सोडून. माह्या हातातलं धुणं पडलं. जवळ जाऊन हात धरला, लय हलका हात वाटला. ‘काय करून राह्यले?’

‘काही नाई. पाणी पाहून राह्यलो.’

‘उठा.’

उठले, लहान पोरावानी. रस्त्यानं मले म्हणाले, ‘सत्ते, मले कुठं दुखत नाई, कोणी काही बोललं नाई, मंग रडू कायले येते? आतमधी कोणी मेलं का?’

ते मरणाचं बोलते, कोके. महिन्यापासून बोलते. मी तुले लिहिलं नाई.

मले काही समजून नाई राह्यलं. गोळी देऊ तं विहीर हाय. नाई देऊ तं डोक्यातली शीर हाय. अन् मधात मी, जिले तीस वर्सांत पहिल्यांदा गुणगुणता आलं. काय करू? लवकर लिही.

माय


हिवरखेडी
१४ जानेवारी १९६२

कोके,

तुहं पत्र आलं पण उशिरा आलं. ‘एकदम बंद करू नोको, आधी डाक्टरले सारं सांग, त्यायले एकटं सोडू नोको,’ असं लिहिलं तू. एकटं नाई सोडलं. मारोतीची पोट्टी अन् मी आळीपाळीनं संग राह्यलो, कामाचं निमित्त करून. पण गोळी मी तुले पत्र टाकलं त्याच दिवशी बंद केली. चुन्याची बारीक गोळी करून देत गेली, त्यायले समजलं नाई.

काही दिवस काहीच नाई. मंग एका सकाळी उठून त्यायनं वस्तरा मांगतला. माहा जीव वर आला, पण मी समोर बसून राह्यली. दाढी केली. चहाले साखर कमी पडली म्हणाले. मले वाटलं आरती ओवाळावी. मंग मारोतीच्या घरी गेले, अन् तिथून त्यायचा आवाज मले आंगनात ऐकू आला, ‘अबे, पाटलाची तूर अजून उभी काहून हाय तिथं?’

मारोतीच्या कानात मी एवढंच घातलं होतं का गोळी बाधली होती, आता जमली; त्यानं ते बाबायले सांगतलं, अन् दुसऱ्याच दिवशी दोघं तहसिलीत गेले. साहेबाले बाबायनं सांगतलं, ‘त्या दिवशी मी नाई बोललो साहेब, औषध बोललं. डाक्टरची चिठ्ठी आणून देतो.’ साहेबानं लिहून घेतलं अन् पुढची तारीख देली. सारी बस्ती खूश झाली. रामीबाईनं मले कुंकू लावाले बोट पुढं केलं, मंग तिले आठवलं का दीक्षा घेतल्यापासून आपण लावत नाई, अन् दोघी हासलो.

त्याच सांजच्याले भाजीत मीठ नव्हतं, डाक्टरनं मना केलं म्हणून. ताट भिंतीवर आदळलं. भाकरी चुलीत गेली. मी हासली, कोके. खरंच हासली, का आला माणूस परत. मंग भिंतीवरून रस्सा खाली उतरताना पाह्यला अन् बसून रडली.

दोन दिवसांनी डोकं धरून बसले. डोयापुढे काजवे म्हणते. नाकातून परत रक्त. मी तशीच भगवानराव डाक्टरकडे घेऊन गेली, अन् या खेपेले सारं सांगतलं. विहिरीचं, चुन्याच्या गोळीचं, माह्या गप्प राह्यण्याचं. बाबा बाहेर बाकड्यावर होते.

डाक्टर लय रागावले. मंग चष्मा काढून बसले. म्हणाले, ‘बाई, तुम्ही सांगितलं नाही, आणि मीही विचारलं नाही. पारा उतरला एवढंच पाहिलं. ही गोळी काही माणसांचं मन बुडवते, हे मी वाचलं होतं.’

‘मंग आता?’

‘आता ती अर्धीच देऊ, थोडे दिवस. नागपूरला एक नवीन गोळी आली आहे, ती लघवीवाटे मीठ काढून टाकते. मन बुडवत नाही. पण तिचंही आपलं काही आहेच. पायात गोळे येतात, अशक्तपणा येतो, रक्त तपासत राहावं लागतं. इथं ते होणार नाही. काही आठवडे तिथं राहायला हवं.’

‘ज्यात काहीच वाईट नाई अशी नसते का डाक्टरसाहेब?’

‘असती तर हे सगळं सांगत बसलो असतो का?’

नागपूरले राह्यचं म्हणजे तुह्या घरी. हे त्यायले कोण सांगन? मीच. कसं, ते मले माहीत नाई.

माय


हिवरखेडी
११ फेब्रुवारी १९६२

कोके,

हे पत्र टपालानं नाई, बाबायच्याच हाती देऊन राह्यली. मारोती संग हाय, दारव्ह्याहून छोट्या गाडीनं मूर्तिजापूर, तिथून मोठी गाडी. ते बाहेर चपला घालून उभे हायेत अन् घाई करून राह्यले. तरी लिहिते, का त्यायच्या तोंडून तुले सारं उलटं समजन.

मी त्यायले एका बसणीत सांगतलं. गोळी मनानं बंद केली ते, चुना देला ते, तुले पत्र लिहित होती ते. लय भडकले. ‘मले न इचारता? माह्या आंगात काय जाते ते तू ठरवणार?’ ते बरोबर हाय. मी म्हटलं, बरोबर हाय तुमचं. या बाबतीत माहं चुकलं.

मंग म्हटलं, ‘आता माहं ऐका. तुमाले गोळी कोणती पायजे ते तुमी ठरवा, डाक्टर ठरवतीन, कोकी ठरवन. पण तुमच्या रागाचं मी ठरवते. पाटलावर ओरडा, साहेबावर ओरडा, मी पाण्याचा तांब्या घेऊन मांगं उभी राहीन. माह्यावर हात उचलला तं मी कोकीच्या घरी जाईन अन् येणार नाई. रक्तदाब असो का नसो.’

हे मी उभं राहून बोलली. ते माह्याकडे असे पाहत राह्यले, जशी मी कोणी दुसरीच बाई. मंग जेवले, अलोणी भाजी, चुपचाप.

ते काहून चुपचाप राह्यले ते मले समजलं नाई. अर्धी गोळी चालूच हाय, तिचं काम का माहं? आता मले त्यायच्या प्रत्येक गोठीत हेच वाटते. हासले तं इचार येते, हे कोण हासलं? मले तीस वर्सं जो भेटला तो तरी कोण होता, ते तरी कुठं माहीत हाय? डाक्टरले इचारलं होतं, का तो राग रक्तदाबाचा होता का? ते म्हणाले, ‘नाही बाई, राग त्यांचाच.’

मंग सकाळी म्हटलं, ‘नागपूरले जायचं तं कोकीच्या घरी उतरा लागन.’

‘हाव.’

मले वाटलं ऐकलं नाई. ‘कोकीच्या. जावई बी असन.’

‘बहिरा नाई मी. मीच तं म्हटलं होतं ना, बोलाव म्हणून?’

‘ते तुमी गोळीत म्हटलं होतं.’

‘म्हटलं का नाई? उकंडा बोलला ते बोलला.’

मी काय सोडते? म्हटलं, ‘साहेबापुढे तं सांगून आले, मी नाई बोललो, औषध बोललं म्हणून. तेच तोंड, तीच गोळी. पाटलाच्या धुऱ्याचं बोलली ते गोळी, अन् कोकीचं बोलले ते तुमी? हे कसं?’

बाबा आंगनात उभे होते. खाली पाह्यलं, टोपी झटकली, डोक्यावर घातली. मंग साऱ्या बस्तीले ऐकू जाईन एवढ्यानं ओरडले, ‘हाव! तसंच हाय!’

आता तू पाह्य बाई. नवी गोळी काय करते ते रोज पाह्य, अन् मले लिही, चांगलं-वाईट दोन्ही, लपवू नोको. मीठ मांगतीन, देऊ नोको. पायाले गोळे आले तं सांगणार नाई, तूच इचार. तिथंबी कोण्या निंबाखाली एकटे बसलेले दिसले, तं जवळ जाऊन बस. जावयायले दोन शिव्या देतीन, तेवढ्या घ्या म्हणा.

जा म्हणून मी म्हणून राह्यली, अन् ते निघाले तं घर कसं लागन याचा अंदाज नाई येत. गाडी चुकली तं माह्या माथ्यावर खापर फोडतीन. देते आता पत्र.

तुही माय
सत्यभामा